नावाड्यांकडची पत

नळाला पाणी येण्याचा दिवस असला की अकोल्यातल्या तायड्यांच्या घरात सर्वांत आधी केशरबाई उठत. अंगणातल्या टाक्याचे झाकण बाजूला सारून त्या नळापाशी उभ्या राहत. पाण्याच्या आधी नळातून हवा येते. ती फुरफुरू लागली की त्या आत वळून फक्त "आलं वं" एवढेच म्हणत, आणि ज्योत्स्ना उठे. आधी पिण्याच्या पाण्याचे पितळी गुंड, मग न्हाणीतला ड्रम, मग कूलरची टाकी आणि धार बारीक होऊ लागली की शेवटी अंगणातल्या कुंड्या. हा क्रम घरात कोणी कधी ठरवला नव्हता आणि कोणी कधी मोडलाही नव्हता. जानराव या कामात पडत नसत. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य काढल्यावर आता सकाळी कोणाला हाकारायचे नाही, असे त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच जाहीर केले होते. ते स्वयंपाकघरात जाऊन स्वतःपुरती कॉफी करीत. घरात बाकीच्या दोघी चहा पीत. चिखलदऱ्याच्या स्थानकावर काढलेल्या वर्षांत जानरावांना कॉफीची सवय लागली आणि अकोल्यात मिळते ती कॉफीच नव्हे, असे त्यांचे मत होते. ती ते रोज पीत आणि ते मतही रोज सांगत.

पाणी भरून झाले की ज्योत्स्ना हात कोरडे करून खिडकीजवळच्या दिवाणावर लॅपटॉप घेऊन बसे. ती वीज कंपनीच्या एका उपकेंद्रात कनिष्ठ अभियंता होती. पाळीवर जाण्यापूर्वीचा एवढा वेळ तिचा स्वतःचा होता, आणि त्या वेळात ती 'ड्रिफ्टमूर' खेळे.

ड्रिफ्टमूर म्हणजे एका मोठ्या नदीचे खोरे. त्यात निरनिराळे गट राहतात: नदीवरचे नावाडी, किल्ल्यातले सरदार, डोंगरातले पहाडी. खेळणाऱ्याने कोणत्याही गटात परका म्हणून शिरावे, त्यांची कामे करावीत आणि त्यांच्याकडे आपली पत वाढवावी. परक्याचा ओळखीचा होतो, ओळखीचा भरवशाचा होतो आणि अखेर भरवशाचा माणूस घरचा होतो. घरचा झाला की तो गट आपली सर्वांत मोलाची वस्तू त्याला देतो. नावाडी नाव देत, आणि तिच्यातून खोऱ्यात कुठेही जाता येई. जगभर हा खेळ इंग्रजी नावांनी चाले; ही मराठी नावे 'वऱ्हाड पलटणी'ने ठेवली होती. पलटण म्हणजे अमरावती-अकोल्याकडच्या खेळणाऱ्यांचा एक चमू. पलटणीतल्या प्रत्येकाला ती नाव हवी होती. नावाडी मात्र कोणालाच नको होते.

म्हणून पलटणीने एक युक्ती चालवली होती. मोडक्या घाटाच्या बाजूला पाणकणीस दाट वाढे. ते कापायचे, जुडी बांधायची आणि घाटावर बसलेल्या म्हाताऱ्या नावाड्यापुढे टाकायची. जुडी मिळाली की म्हातारा बोलू लागे. त्याचे पहिले अक्षर उमटताच बोलणे पुढे ढकलण्याचे बटन दाबायचे. पत तेवढ्याने थोडीशी वाढे. लगेच मागे वळून पुन्हा पाणकणीस कापायचे. नावाड्यांची खरी कामे वेगळी होती. त्यांत माणसे पलीकडे न्यायची, कोणाची जनावरे न्यायची, कोणाचा निरोप न्यायचा. पण त्यांत वेळ फार जाई, कारण नाव काठाला लागेपर्यंत माणसे बोलत असत. पलटणीच्या भाषेत याला 'लोचा' म्हणत.

ज्योत्स्ना हा लोचा आवडीने करी. तिला नावेतल्या माणसांचे बोलणे आवडे आणि पलटणीचा मनापासून तिटकारा येई. तिवशात मोबाइलचे दुकान चालवणारा शिवम सगळ्या खोऱ्यात घरचा झालेला होता, आणि एकाही गटाच्या म्होरक्याचे नाव त्याला सांगता आले नसते. ज्यांच्या घरचे आपण झालो ते लोक कोण, हे ठाऊक नसण्याचा त्याला अभिमान होता. नाव हाती आल्यावर पलटणीतले कोणी त्या घाटाकडे पुन्हा फिरकत नसे. ज्योत्स्नाला हे सगळे एखाद्या लग्नात नवरा-नवरीकडे न पाहता पंगतीत बसून उठणाऱ्या माणसांसारखे वाटे. असा तिरस्कार बाळगण्यात एक सुखही असते, आणि ते तिला रोज सकाळी चहाबरोबर मिळत होते.

"काय नावाडीबाई," खेळता खेळता शिवम हेडफोनमधून विचारी, "आज कोनाची बकरी पार केली?"

"तुह्या सासऱ्याची," ती म्हणे. "तुले ईचारत होती, जावई दिसत नाई म्हणे."

ही जुडीची युक्ती शोधून काढणारा माणूस कुलदीप होता, आणि पलटणीचा म्होरक्याही तोच. याच कुलदीपशी ज्योत्स्नाचे लग्न ठरण्याच्या बेतात होते.

कुलदीप अमरावतीत स्पर्धा परीक्षांच्या एका शिकवणीत बुद्धिमापन शिकवी. 'प्रश्न वाचू नका, पर्याय वाचा' हे त्याचे वाक्य विद्यार्थ्यांत फार गाजलेले होते. चारांपैकी तीन पर्याय प्रश्नाकडे न पाहताही कसे खोडता येतात, हे तो फळ्यावर करून दाखवी आणि वर्ग टाळ्या वाजवी. ज्योत्स्नाला हे ऐकूनच हसू आले होते, आणि ते हसू चांगले नव्हते. पण एका संध्याकाळी हा माणूस खेळातल्या घाटावर तिच्या नावेत येऊन बसला. इथे काही मिळणार नाही हे मला माहीत आहे, असे त्याने आधीच सांगून टाकले. नावेत एक विधवा होती. ती नदी संपेपर्यंत आपल्या बकरीची हकीगत सांगत राहिली, आणि कुलदीपने एकदाही बटन दाबले नाही. काठाला लागल्यावर त्याने विचारले होते, "हिची बकरी खरंच मेली का?" त्या एका प्रश्नावर ज्योत्स्नाने त्याला पुढचे बरेच काही माफ केले. मग फोन सुरू झाले, मग भेटी, कधी बडनेऱ्याच्या स्टेशनवर, कधी अमरावतीत. त्यात वर्ष गेले.

तो तिवशाकडच्या कुणबी घरातला. वडील नव्हते. आई, गोदाबाई, त्याच्याजवळ अमरावतीला राहत. ज्योत्स्नाचे घर बौद्ध. दोघांनाही या गोष्टीचे वजन ठाऊक होते आणि दोघेही तिच्याबद्दल फारसे बोलत नसत. "आमच्याकडचं मी पाहतो," असे कुलदीप एकदा म्हणाला होता, आणि पाहतो म्हणजे काय हे तिने विचारले नव्हते.

आता तो रविवारी अकोल्याला येणार होता. घरच्यांना पसंत पडला तर पुढच्या रविवारी चार वडीलधारी माणसे बसणार आणि लग्नाच्या नोंदणीची तारीख ठरणार. ज्योत्स्नाने आईवडिलांना सारे सांगितले होते. जानरावांनी "येऊ दे, पाहू" एवढेच म्हटले होते. कुलदीपला तिने फोनवर बजावले, की बाबांना जिंकण्याची कोणतीही युक्ती नाही. यायचे, बसायचे आणि ऐकायचे. तो हसला आणि म्हणाला, ऐकायला काय जाते.

रविवारी तो वेळेवर आला. दारातच त्याने 'जयभीम' म्हटले. मोठ्यानेही नाही आणि पुटपुटतही नाही. भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे तो थांबला, पण देखावा वाटणार नाही इतकाच. केशरबाईंनी पाणी आणले. त्यांच्या पिढीतल्या बाईला पाहुण्याच्या हातातला पेला पुष्कळ काही सांगतो. तो ओठांपर्यंत जायला रेंगाळतो का, अर्धा खाली ठेवला जातो का, हे त्या सबंध आयुष्य पाहत आल्या होत्या. कुलदीपने पेला घेतला तोच रिकामा केला आणि आणखी मागितला. केशरबाईंचा चेहरा निवळला. ज्योत्स्नाच्या मनात मात्र येऊन गेले, की तहानलेला माणूस असा पीत नाही. लगेच तिला स्वतःची लाज वाटली. चांगले वागणाऱ्या माणसावरही संशय घ्यायचा, हे पलटणीने आपल्याला लावलेले व्यसन आहे, अशी तिने मनाची समजूत काढली.

पिशवीतून त्याने जानरावांसाठी चिखलदऱ्याची कॉफी काढली. जानरावांनी पुडी फोडून वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा वास घेतला. मग ते स्वतः उठून कॉफी करायला गेले, आणि हा मान आजवर कोणत्याही पाहुण्याला मिळालेला नव्हता. जेवायला वाफवलेल्या तूरडाळीचे फुनके आणि कढी होती. कुलदीपने वाढायच्या आधीच पुन्हा मागितले, आणि मागताना आमच्या आईच्या हातच्यापेक्षा हे हलके झाले आहेत, असेही सांगितले. केशरबाई लाजल्या. सगळे इतके सुरळीत चालले होते, की कुठेतरी काही सांडावे असे ज्योत्स्नाला वाटू लागले.

जेवणानंतर जानरावांनी आपली गोष्ट काढली.

ती गोष्ट घरात सर्वांना पाठ होती. ते अकोल्याच्या स्थानकावर असतानाची, पुराच्या वर्षातली, अकोटला जाणाऱ्या शेवटच्या गाडीची गोष्ट. दर वेळी तिच्यात एखादा नवा उतारू चढे किंवा एखादा जुना उतरे, पण तिचा ओघ ठरलेला होता. जानराव खुर्चीत पुढे सरकले.

"मी शिट्टी तोंडात धरली," ते म्हणाले, "अन् कंडक्टर म्हनते, साहेब, एक बाई उतरली ते आलीच नाई. म्हनलं, थांबा. गाडी थांबली बाप्पा. पंधरा मिनिटं झाले, अर्धा घंटा झाला. लोक खवळले. एक जन म्हने, बाईसाठी गाडी थांबवता, मले संडास लागली होती तवा काहून नाई थांबवली?"

इथे ते नेहमी थांबत. पुढे उतारूंच्या शिव्या यायच्या, एकेकाच्या आवाजात. मग त्यांचा स्वतःचा धीर सुटू लागल्याचे यायचे, शिट्टी पुन्हा तोंडाशी नेल्याचे यायचे. आणि त्यानंतर कुठे, पोराचे औषध घेऊन धावत येणारी ती बाई, आणि तिच्या मागोमाग पूल पाण्याखाली गेल्याचा फोन. केशरबाई इथे दर वेळी "मग?" म्हणत. त्यांनी तोंड उघडलेही होते.

"पण त्या बाईमुळंच तर सगळे वाचले ना काकाजी," कुलदीप म्हणाला. त्याचा आवाज भरून आलेला होता. "गाडी वेळेवर निघाली असती तर पुलावरच सापडली असती."

पुलाचा उल्लेख खोलीत अजून कोणी केलेला नव्हता.

जानराव पुन्हा खुर्चीत मागे सरकले. "हो," ते म्हणाले. "तसंच झालं." मग कूलरमधले पाणी पाहतो, असे काहीसे बोलून ते उठले. पाणी सकाळीच भरलेले होते.

कुलदीपला यातले काही कळले नाही. त्याने ज्योत्स्नाकडे पाहिले, आणि त्या नजरेतले समाधान तिने ओळखले. म्हाताऱ्यापुढे जुडी पडल्यावर पत वाढल्याचा छोटा सोनेरी आकडा वर उठतो, तेव्हा पलटणीतल्या माणसांचा श्वास ज्या समाधानाने सुटतो, तेच ते. रात्री त्याचा निरोप आला: 'भरवशाचा तर झालोच. पुढच्या रविवारी घरचा.' पुढे हसणारा चेहरा होता.

ज्योत्स्नाने तो निरोप पुन्हापुन्हा वाचला. गंमत होती हे तिला कळत होते. गंमत करायला त्याला दुसरे काही सुचले नाही, हेही कळत होते.

दुसऱ्या दिवशी तिने चुलत भावाला, संघपालला, गाठले. तो दोन गल्ल्या सोडून राहत असे आणि कुलदीपशी त्याची ओळख तिनेच करून दिली होती. विचारताच तो हसायला लागला. कुलदीपने त्याला फोन करून सारे काढून घेतले होते. मोठेबाबा कोणती गोष्ट सांगतात, तिचा शेवट काय, मोठ्या आईला कोणत्या गोष्टीचे लागते, दारात काय म्हणायचे, पाणी कसे घ्यायचे.

"मी म्हनलं, पाण्याचं का ईचारतं बे, तोंडानं पेतेत," संघपाल म्हणाला. "पन पोट्टा सिरीयस होता. कोनी आपल्यासाठी एवढी तयारी करते का ज्योत्स्ना? तुह्यावर जीव हाये त्याचा."

संघपालच्या बोलण्यात कपट नव्हते, आणि तो बोलला ते पुरते खोटेही नव्हते. म्हणूनच ज्योत्स्ना तशीच परत आली.

घरी केशरबाई पुढच्या रविवारच्या स्वयंपाकाचा विचार करीत होत्या. त्यांना मुलगा पसंत होता. ज्योत्स्नाने जानरावांना विचारले तेव्हा ते चष्मा पुसू लागले.

"पोट्टा हुशार हाये," ते म्हणाले. "कॉफी बी चांगली आनली."

"मग?"

"मग काई नाई. मी सांगून राह्यलो होतो ना."

ज्योत्स्नाच्या आत जो तिरस्कार इतके दिवस पलटणीवर, शिवमवर, अनोळखी माणसांच्या बोटांवर खर्च होत होता, तो आता एका जागी गोळा झाला. असा तिरस्कार तिला नको होता. तो सोसायला फार जड होता, कारण त्याच्या पलीकडच्या टोकाला उभा असलेला माणूस तिला आवडत होता.

साप्ताहिक सुटीच्या दिवशी ती एस.टी.ने अमरावतीला गेली. कुलदीपची शिकवणी एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर होती. दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात तो तिला रिकाम्या वर्गात घेऊन बसला. फळा अर्धवट पुसलेला होता. बाहेर जिन्यावर पुढच्या तुकडीची मुले उभी होती. गावाकडची, स्वस्त पाठपिशव्या पोटाशी धरलेली, एकाच परीक्षेवर सगळे घर लावून आलेली. कुलदीप स्वतः असाच उभा राहिला होता. संपूर्ण प्रश्न वाचणारी मुले वेळ संपून मागे राहतात आणि पर्याय वाचणारी पुढे जातात, हे त्याने स्वतःच्या नापास होण्यातून शिकून घेतले होते. ज्योत्स्नाला हे ठाऊक होते. म्हणून तिने आवाज चढवला नाही. बाबांची गोष्ट आधीच ऐकून आला होतास का, एवढेच तिने विचारले.

त्याने लपवले नाही.

"तयारी केली, ते चुकलं का?" तो म्हणाला. "तुमच्या घरी पहिल्यांदा येऊन राहिलो होतो मी. माह्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडं गेला असता, एखाद्या वेळी हात थांबला असता, तर तुह्या आईले जन्मभर लागलं असतं. ते मले नको होतं."

त्याच्या घरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या पेल्यांना हात लावला नव्हता, त्या पेल्यांची त्याने धास्ती घेतली, यात त्याचा दोष कोणता? पाणी कसे प्यावे हे ज्याला विचारावे लागते, त्याला हसणे सोपे होते. संघपाल हसला होता, आणि ज्योत्स्नाने तर संशय घेतला होता. आपणच उतावळेपणाने निकाल दिला की काय, असे तिला वाटू लागले. मग, केवळ बोलणे चालू राहावे म्हणून, तिने विचारले, की गोदाबाई काय म्हणाल्या.

कुलदीपने खडू उचलला आणि खाली ठेवला.

त्याने आईला काहीच सांगितले नव्हते. रविवारी आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणून तो शिकवणीतल्या दोघा मास्तरांना आणणार होता. आईचे काम लांबचे आहे, असे तो म्हणाला. तिथे आत्ता तोंड उघडले तर रडणे, मामांचे फोन, मावशीचे उपास, आणि महिनोन्‌महिने घालवून हाती काहीच नाही. त्यापेक्षा आधी अकोल्याकडचे पक्के होऊ द्यावे.

"एकदा नोंदणी झाली की मग तिच्यापुढं पर्यायच राहत नाई," तो म्हणाला.

हे तो वर्गातल्या आवाजात समजावून सांगत होता. तोच आवाज ज्योत्स्नाने पलटणीतही ऐकला होता. ड्रिफ्टमूरचे पहाडी भेटवस्तू घेत नसत. परक्याला ते फार दिवस नुसते पाहत राहत, आणि चुकीच्या शब्दाला पत खाली उतरे. पहाड्यांच्या नादी लागू नका, असे कुलदीपने पलटणीला सांगितले होते. आधी सोपे गट घ्या, किल्ला घ्या. पहाडी मागाहून आपोआप वाकतात.

"म्हणजे लग्न झाल्यावर सांगशील," ती म्हणाली.

"सांगावं काहून लागते? कयेलच तिले."

"घर किती दूर आहे इथून?"

"माहं? गाडीवर दहा मिनिटं. काहून?"

"मग चाल. तुह्या आईच्या हातचा चहा घेते अन् जाते. लग्नाचं काई बोलत नाई. कोन म्हणून सांगायचं ते तू ठरव."

कुलदीपने दाराकडे पाहिले. मुले आत येऊ का म्हणून डोकावत होती. त्याने हाताने थांबा म्हटले. आज मावशी आलेली आहे, असे तो म्हणाला. उद्या विचारले तर उद्या तिच्याबरोबर तिवशाला जायचे होते. मग तो जरा चिडला. असे एकदम नसते, प्रत्येक गोष्टीचा एक क्रम असतो, आणि ज्योत्स्ना अभियंता आहे, तिला तरी हे समजायला हवे. बोलता बोलता त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिला पहिल्यांदाच दिसले, की हा माणूस हुशारीने वागत नाही, भीतीने वागतो. हुशारी ही त्याने भीतीवर घातलेली इस्त्री आहे. क्षणभर तिला त्याची फार दया आली. आई ओरडेल म्हणून मागच्या दाराने घरात शिरणाऱ्या पोराची यावी तशी. पण त्या मागच्या दाराने तिलाही आत न्यायचा त्याचा बेत होता. तिने तिथे उभे राहायचे, आणि कधीतरी आतल्या बाईला आपोआप कळायचे. तिच्या आईने पेला पुढे केला होता तो तोंडासमोर, हातात धरून, पाहुणा काय करतो ते पाहत. गोदाबाईंना तेवढीही संधी मिळणार नव्हती.

तिने पर्स खांद्याला लावली.

"रविवारी कोनी येऊ नका," ती म्हणाली.

"म्हणजे? पुढच्या रविवारी ठेवू?"

"नाई. येऊच नका."

तो उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि ते खरे होते. "माह्याकडून कुठं चुकलं ते तर सांग," तो म्हणाला. "मी नीट करतो. तुह्या बाबाची माफी मागतो, पुन्हा बसून सगळी गोष्ट ऐकतो. काय करू ते सांग फक्त."

"तू कुठंच चुकला नाई कुलदीप," ती म्हणाली. "जिथं चुकायची भीती होती, तिथं तू गेलाच नाई."

मुले आत यायला लागली होती. तिने त्यांना वाट करून दिली आणि जिना उतरली. तो मागून आला नाही. तुकडी सुरू झाली होती.

परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. बडनेरा मागे पडल्यावर तिने फोनवर पलटणीचे पान उघडले आणि सभासदत्व सोडले. खात्री आहे का, असे फोनने विचारले, तिने होय म्हटले. शिवमचा लगेच निरोप आला, की नावाडीबाई, चुकून बाहेर पडली का, परत घेऊ का. चुकून नाही, असे तिने लिहिले, आणि तुझा राग नाही, असेही लिहिले. ते लिहिताना तिच्या लक्षात आले, की खरोखरच शिवमचा राग तिला आता आठवून आणावा लागत होता. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. कुलदीपचे दोन फोन येऊन गेले. तिसरा तिने घेतला, आणि आपण सांगितले तेच शांतपणे पुन्हा सांगितले.

घरी पोचली तेव्हा केशरबाई ओट्यावर बसून डाळ निवडत होत्या. बाजूला स्वयंपाकाचा एक मोठा गंज घासून उपडा घातलेला होता. रविवारी माणसे येणार म्हणून तो त्यांनी दुपारीच शेजारच्या मनकर्णाबाईंकडून मागून आणला होता. ज्योत्स्नाने चपला काढल्या आणि रविवारी पाहुणे येणार नाहीत, असे सांगितले. केशरबाईंचे हात थांबले. आतून जानराव दारात आले.

"त्यानं सांगतलं का तू?" त्यांनी विचारले.

"मी."

त्यांनी मान हलवली. केशरबाई काही विचारणार होत्या, पण जानरावांनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांनी डाळीत पुन्हा हात घातला. ज्योत्स्नाने पुन्हा चपला घातल्या, गंज उचलला आणि तो कमरेवर घेऊन शेजारी गेली. मनकर्णाबाई अंगण झाडत होत्या. इतक्यात काम झाले का, असे त्यांनी नवलाने विचारले.

"झालं मावशी," ज्योत्स्ना म्हणाली, आणि गंज त्यांच्या हाती दिला.